बर्फाचा कप्पा

वर्तमानपत्राच्या कडेची एक पट्टी फाडून शिवमूर्तींनी ती फ्रीजच्या दारात धरली, दार लावले आणि पट्टी हळूच ओढून पाहिली. ती निघाली नाही. थोडे खाली सरकून त्यांनी पुन्हा तेच केले. वरच्या बिजागरीपासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, तिथून तळाच्या कडेने पलीकडे, असे ते गुडघ्यांवर सरकत राहिले. दाराचे रबर सगळीकडे सारखेच घट्ट होते. एका ठिकाणी तर ओढताना पट्टी फाटली, पण सुटली नाही.

“रबर चांगलं आहे,” ते म्हणाले.

हॉलला लागूनच्या स्वयंपाकघरात त्यांची बायको सिंधु ओट्यापाशी शेंगदाणे निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“चांगलं हाय म्हणल्यावर सोडा की मग. किती वेळ फरशीवर बसलालाव. गुडघे धरतील.”

“चांगलं आहे म्हणूनच सोडता येत नाही.”

शिवमूर्ती उदगीरच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते आणि लातूरला या घरात राहायला आल्यालाही आता बरीच वर्षे झाली होती. घरातले कुठलेही यंत्र बिघडले की त्याला आधी प्रश्न विचारायचे आणि मगच त्याला हात लावायचा, ही त्यांची पद्धत. फ्रीजच्या बाबतीत प्रश्न सरळ होता. फ्रीज बर्फ तयार करत नाही; बाहेरच्या हवेतून आत शिरलेल्या वाफेला तो थिजवतो. वाफ आली नाही तर बर्फ होणार नाही. उन्हाळ्यातली लातूरची हवा तर इतकी कोरडी, की पिळून दोरीवर टाकलेले धोतर मागे वळून पाहीतो वाळते. तरीही वरच्या बर्फाच्या कप्प्यात आठवड्याभरात बोटभर जाडीचा थर चढत होता. कप्प्याचे झाकण बंद होईना. बर्फाचे भांडे तळाला चिकटून बसले होते, ते हलवायला गेले की सगळा फ्रीज हलायचा.

हा थर त्यांनी यापूर्वी दोनदा उतरवला होता. सुरीने खरवडणे त्यांना मान्य नव्हते. पत्र्याच्या आतल्या नळीला सुरीचे टोक लागले की संपले. ते फ्रीज बंद करत, कप्प्यात गरम पाण्याचे पातेले ठेवत आणि थर आपणहून सुटण्याची वाट पाहत. दोन्ही वेळा त्यांना थरात एक चमत्कारिक गोष्ट दिसली होती. उजव्या आणि डाव्या बाजूला, साधारण एकाच उंचीवर, दोन उथळ खळगे होते. तिथला बर्फ पातळ आणि काचेसारखा गुळगुळीत झाला होता. पत्र्यामागे नळ्यांची वळणे जिथे एकमेकींपासून लांब असतील तिथे थंडावा कमी पोचत असणार, असे कारण त्यांनी मनाशी लावले होते आणि ते त्यांना पटलेही होते.

बर्फ नुसता अडचणीचा असता तर त्यांनी इतका पिच्छा पुरवला नसता. पण फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात सिंधुच्या इन्सुलिनच्या, काही महिने पुरतील अशा, बाटल्या असत. मागच्या महिन्यात तिच्या पायाच्या करंगळीला चप्पल लागून जखम झाली होती आणि ती सुकत नव्हती. सुई वेळच्या वेळी चालू होती, पथ्य चालू होते, तरी साखर उतरेना. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले होते, “औषध ठेवता कुठे?” घरी येऊन शिवमूर्तींनी मधल्या फळीवर थर्मामीटर ठेवला. पारा चौदावर थांबला. महिनोन्‌महिने ठेवायच्या औषधासाठी तो आठाच्या वर जायला नको होता. बर्फ हा उष्णतेचा वाईट वाहक. थर जाड झाला की थंडावा वरच्या कप्प्यातच कोंडून राहतो आणि खालचा फ्रीज उबदार होत जातो. हे त्यांनी अनेक तुकड्यांना फळ्यावर आकृती काढून शिकवले होते. विद्यार्थ्यांना ते गमतीचे वाटे.

“औषधात जोर राहिला नसेल तर सुई टोचून उपयोग नाही,” डॉक्टर म्हणाले होते. “जखम आणखी आत गेली तर बोट काढावं लागेल. मग बोटावर भागेलच असं नाही.”

हे ऐकताना सिंधु खिडकीबाहेर बघत होती.

व्यंकटला बोलवायचे शिवमूर्तींच्या मनात नव्हते. शेजारच्या उज्वलाने परस्पर फोन केला. व्यंकट मूळचा उमरीचा. लग्नानंतर लातूरला येऊन त्याने दुरुस्तीचे दुकान टाकले होते. फ्रीज, कूलर, पाण्याची मोटर, जे येईल ते तो उघडत असे आणि उघडलेल्यापैकी बरेचसे बंदही करत असे. त्याने फ्रीजला कान लावला, मागच्या जाळीवर हात फिरवला आणि गंभीर चेहऱ्याने मान हलवली.

“सर, ह्याच्यातला गॅस गेलाय.”

“गॅस गेला असता तर बर्फ झाला असता का?”

“गॅस जाताना पहिले बर्फच होतो, सर. जाता जाता सगळी थंडी तिथंच सोडून जातो तो.”

“व्यंकट, थंडी नावाची वस्तू नसते. उष्णता असते, नाहीतर ती काढून घेतलेली असते.”

“असंल, सर. तुमच्या पुस्तकात नसंल थंडी. आमच्या दुकानात असती.”

“आणि गॅस कमी असता तर बर्फ एका कोपऱ्यात धरला असता. हा सगळ्या बाजूंनी धरलाय. म्हणजे गॅस पूर्ण आहे. वाफ कुठून येते ते सांग.”

“वाफेचं मला काय विचारू नका, मी काय चहावाला हाय का?” व्यंकटने पान्हा पिशवीत टाकला. “माझं आर्धं आयुष्य हेच करून राहिलो सर मी. लिहून घ्या. गॅस. आज नाही म्हणाल, पण शेवटी मलाच बोलवाल.”

सिंधु चहाचे कप घेऊन आली होती. तिने व्यंकटपुढे बशी धरली.

“ह्यांच्यासंगं बोलून कुणी जिंकलंय का बाबा? माझा जलम गेला. अजून एकदा बी जिंकले न्हाई.”

व्यंकट हसला आणि तीही हसली. शिवमूर्तींनी तिच्याकडे पाहिले. जानेवारीनंतर तिला हसताना त्यांनी पाहिले नव्हते. हसू आले तसेच निघून गेले. रिकामा कप उचलताना ती पुन्हा पहिल्यासारखी झाली होती.

व्यंकट गेल्यावर शिवमूर्ती एकेक शक्यता खोडत गेले. कूलरची ओली हवा फ्रीजवर येत होती, म्हणून त्यांनी कूलर दुसऱ्या खिडकीला नेला. पुढचे पाय फिरवून फ्रीज किंचित मागे कलता केला, म्हणजे सोडलेले दार आपल्या वजनाने मिटेल. रबर साबणाच्या पाण्याने पुसले. पाणी निघून जायचे छिद्र तारेने साफ केले. थर्मोस्टॅटचे बटण मधोमध आणले. गरम भाजी, उघडे ताक, ओले निथळते भांडे, काही म्हणजे काही आत जाणार नाही असा दंडक घातला. शेवटी विजेरी पेटवून फ्रीजमध्ये ठेवली, खोलीत अंधार केला आणि दाराच्या चारही कडांना प्रकाश झिरपतो का ते पाहिले. केसाएवढीही रेघ दिसली नाही.

बर्फ पुन्हा झाला. पुन्हा तेच दोन खळगे.

“दिवसातून किती वेळा उघडतेस?” त्यांनी विचारले.

“सैपाकाला लागतं तेवढंच.”

“दार पूर्ण लावतेस ना?”

“लावते की.”

तिने उत्तर द्यायला वेळ लावला नाही. त्यांनीही पुढे विचारले नाही. एकमेकांची उलटतपासणी घ्यायची सवय या घराला नव्हती.

दुपारचे जेवण झाले की शिवमूर्ती वाचनालयात जात आणि चहाच्या वेळेला परतत. त्या दिवशी वाचनालयाला कुलूप होते. ग्रंथपालाच्या घरी लग्न होते, तशी चिठ्ठी दाराला लावलेली होती. उन्हाचा चटका टाळत, दुकानांच्या पायऱ्यांच्या सावलीतून ते परत आले. घराचे दार नुसते लोटलेले होते. त्यांनी चपला काढल्या. आतून फ्रीजचा आवाज येत होता, सतत, दम न घेता.

हॉलचे पडदे ओढलेले होते. फ्रीजचे दार सताड उघडे होते आणि आतल्या दिव्याचा पिवळा उजेड फरशीवर पडला होता. त्या उजेडात सिंधु पाटावर बसली होती. बर्फाच्या कप्प्याचे झाकण तिने वर करून ठेवले होते. दोन्ही हात आत होते. तळवे थरावर टेकलेले, एक उजवीकडे, एक डावीकडे. पदराचे टोक भिजून मांडीला चिकटले होते.

दचकून तिने हात काढून घेतले नाहीत.

“आज लवकर आलाव.”

“वाचनालय बंद होतं.”

ती मान हलवून पुन्हा आत बघू लागली.  मग, विरजण लागले की नाही ते पाहून सांगावे तशा आवाजात ती म्हणाली, “अजून कडकच हाय.”

शिवमूर्ती भिंतीला टेकून उभे राहिले. फ्रीजच्या मागे, जमिनीपासून हातभर उंचीवर, घरातले एकच मोठे प्लगचे सॉकेट होते. जानेवारीत त्यातून फ्रीजची पिन काढून पेटीची पिन घातली होती.

बसवराज, त्यांचा मुलगा, विष्णुपुरीला नोकरीला होता. सकाळी खोलीतच छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळे झाले होते. अजून चाळिशीही आली नव्हती. त्याला लातूरला आणले त्या संध्याकाळी स्वामी येऊन बसले. लिंगायतांच्या घरी गेलेल्या माणसाला आडवे ठेवत नाहीत. त्याला मांडी घालून बसवतात, हातात इष्टलिंग देतात, फुलांनी सजवलेल्या खुर्चीतून, ज्याला विमान म्हणतात त्यातून, नेतात आणि बसलेलाच मातीत ठेवतात. स्वामींनी सिंधुला समजावले होते, “आई, आत्ताच बसवून घेऊ. उशीर झाला की अंग धरतं.” पण शिल्पा, बसवराजची धाकटी बहीण, कॅनडात होती आणि तिला विमानाचे तिकीट मिळाले होते. “पोरीला भावाचं तोंड बघू द्या,” सिंधु म्हणाली. तिच्यापुढे कुणी बोलले नाही. मग काचेच्या झाकणाची थंड पेटी भाड्याने आली. बसवराजला तिच्यात ठेवले, आडवे. पेटी हॉलमध्ये गुरगुरत राहिली आणि बंद पडलेल्या फ्रीजमधून वितळलेले पाणी फरशीवर पसरत राहिले. कुणीतरी त्याच्यावर पोती टाकली. काचेवर आतल्या थंडीमुळे सारखे दव धरत होते आणि सिंधु पदराने ते सारखे पुसत होती.

शिल्पा आली, तिने भावाला पाहिले. मग चौघांनी त्याला पेटीतून बाहेर काढले आणि बसवायला घेतले. गुडघे वाकेनात. स्वामींनी ऊन पाण्याच्या पट्ट्या ठेवायला लावल्या. मग एकाने खांदे धरले आणि दुसऱ्याने गुडघ्यावर जोर दिला. तेव्हा सिंधु मधे पडली.

“राहू द्या. मोडू नका. दुखंल त्याला.”

विमान रिकामे राहिले. त्याला खुर्चीत बसवून बांधायला आणलेले पांढरे कापड घडीतच राहिले. मातीत बसण्यापुरता चौकोनी खड्डा आधीच खणून तयार होता. तो लांबवावा लागला. लोक उन्हात उभे होते आणि खणणारे मुकाट्याने खणत होते. 

पंधरवड्यानंतर एकदा सिंधु म्हणाली होती, “माझ्यामुळं तो बसला न्हाई.” आणि शिवमूर्तींनी तिला उत्तर दिले होते, “मातीला काय फरक पडतो, सिंधु? बसलेला काय आणि आडवा काय.” ते खरे होते. आजही त्या विधानात त्यांना चूक सापडली नसती. त्यानंतर तिने तो विषय पुन्हा काढला नाही आणि आपले म्हणणे तिला पटले असे ते धरून चालले होते.

फ्रीज धापा टाकल्यासारखा चालूच होता. दार उघडे राहिले की बाहेरची हवा आत जाते, हवेबरोबर वाफ जाते आणि वाफेचा बर्फ होतो; तू तो नरम करायला बसतेस आणि त्यानेच तो वाढतो. हे वाक्य त्यांच्या तोंडात पूर्ण तयार होते. वर्गात त्यांनी ते एका दमात सांगितले असते. त्यांनी ते गिळले, पुढे होऊन हात फ्रीजच्या मागे घातला आणि बटण बंद केले. आवाज थांबला. आतला दिवा विझला.

मग ते स्वयंपाकघरात गेले. पातेलेभर पाणी गरम करून आणले, कप्प्यात ठेवले आणि दुसरा पाट घेऊन सिंधुच्या शेजारी बसले. गुडघे दुखले. त्यांनी उजवा तळवा थरावर टेकवला. तिच्या हातामुळे झालेल्या खळग्यात तो बसेना. तिचा हात लहान होता.

“असा लवकर होत न्हाई तो,” ती म्हणाली. “मी लई बार बघितलंय.”

“आता होईल. बंद केलाय.”

पातेल्यातून वाफ निघत होती. कप्प्याच्या छताला थेंब धरले, एकमेकांत मिसळले आणि कडेकडेने ओघळू लागले. ऊन खिडकीवरून सरकले. शेजारी उज्वलाच्या घरी कुकरची शिट्टी झाली. डावीकडचा थर आधी सुटला. पत्र्यापासून अलग होताना त्याचा बारीक आवाज झाला. सिंधुने दोन्ही हातांनी तो झेलला आणि मांडीवर घेतला. पाणी तिच्या लुगड्यात मुरत गेले. ती त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. थर मधून लवला आणि दुमडला.

“नरम पडलं,” ती म्हणाली.

 शिवमूर्तींनी तिचे हात हातात घेतले. ते लाल झाले होते आणि सुरकुतले होते. धोतराच्या सोग्यात धरून त्यांनी ते कोरडे केले, आधी एक, मग दुसरा. बोटांच्या फटीसुद्धा पुसल्या.

“उद्या परत होईल न्हाई का ओ?” तिने विचारले.

“चालू केला तर होईल.”

“माझा हात राहत न्हाई. तुम्ही भाईर गेलाव की मी इथं येऊन बसते. मला कळतं, येडी न्हाई मी. त्याच्या आत काय हाय, काय न्हाई, मला सगळं ठाव हाय. पण त्यो आवाज चालू झाला की हात जातो.” तिने पदराचे ओले टोक पिळले. “हे घरात नको.”

“बरं.”

“पण लोकांला काय सांगायचं? उज्वला विचारंल. तो व्यंकट तर दारात उभारून विचारंल. सर, काय निघालं मग?” तिने व्यंकटसारखा आवाज काढला, आणि तो मधेच तुटला. “बाई फ्रीज उघडून बसती म्हणून सांगताव काय?”

“ते मी बघतो,” शिवमूर्ती म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते कुंभाराकडे जाऊन दोन मडकी घेऊन आले, एक मोठे आणि एक त्यात बसेल असे लहान. दोन्हींच्या मधल्या जागेत त्यांनी वाळू भरली, वाळूवर पाणी शिंपडले, वर ओले फडके टाकले आणि ते सगळे खिडकीच्या वाऱ्यात ठेवले. दुपारच्या ऐन उन्हात आतला पारा चोविसाच्या वर गेला नाही. महिन्याभरात संपणाऱ्या चालू बाटलीला तेवढे पुरेसे होते. नव्या आणलेल्या, न फोडलेल्या बाटल्या त्यांनी उज्वलाच्या फ्रीजमध्ये ठेवायला दिल्या.

“काका, तुम्ही इतके शिकलेले आणि मडकं?” उज्वला म्हणाली. “फ्रीज दुरुस्त होत नाही का?”

“नाही होत.”

“व्यंकट तर म्हणत होता...”

“व्यंकट म्हणत होता तेच आहे.”

उज्वलाने आश्चर्याने त्यांच्याकडे पाहिले. शिवमूर्तींनी चष्मा काढून पुसायला घेतला.

नवे औषध लागू पडले. साखर हळूहळू उतरू लागली आणि करंगळीच्या कडेला गुलाबी कातडी धरलेली दिसली. डॉक्टरांनी मडक्याची हकिकत दोनदा ऐकली. रिकामा फ्रीज, दारात कागदाची घडी अडकवून, हॉलमध्ये उभा होता. सिंधु त्याच्यावरून जाताना पदर सावरून घेई.

व्यंकट टेम्पो घेऊन आला तो रविवारी सकाळी. जुना फ्रीज नेऊन त्याचे भाग वापरायचे असे ठरले होते. टेम्पोवाल्याला बाहेर थांबवून तो आत आला आणि चपला काढायच्या आधीच त्याने विचारले.

“सर, काय निघालं मग?”

सिंधु स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चौकटीवरचा तिचा हात शिवमूर्तींना दिसत होता.

“गॅस,” ते म्हणाले.

“काय?”

“तू म्हणालास तेच. गॅस गेला होता. माझी तपासणी चुकली.”

व्यंकटने आधी त्यांच्याकडे पाहिले, मग फ्रीजकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेले.

“मी म्हणलो नव्हतो का, सर! लिहून घ्या म्हणलो होतो. काकू, तुम्ही साक्षीला होता का नाही?”

“होते की बाबा,” सिंधु म्हणाली. “जिंकलास तू.”

“सरांना हरवलं! आता हे मी दुकानावर बोर्ड करून लावतो.”

“लाव,” शिवमूर्ती म्हणाले. “पण स्पेलिंग मला दाखवून लाव.”

टेम्पोवाला हसला. दोघांनी फ्रीज उचलून बाहेर आणला, टेम्पोच्या फळीला टेकवला आणि आडवा करायला घेतला.

“आडवा नको,” शिवमूर्ती म्हणाले. “उभाच न्या.”

“उभा कशाला, सर? पुढं गतिरोधकं हायत. आडवा टाकला का टेन्शनच नाही.”

“आडवा घातला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत चढतं.”

“गॅस गेलेल्या फ्रीजला तेलाचं काय करायचंय?” व्यंकट आता विजयाच्या भरात होता. “त्याचा तर जीवच गेला, सर.”

शिवमूर्तींनी फ्रीजच्या वरच्या कडेला हात लावून धरला. त्यांनी जोर दिला नाही, नुसता धरला. टेम्पोवाल्याने व्यंकटकडे पाहून खांदे उडवले आणि दोघांनी तो उभाच वर चढवला. पाठ टेम्पोच्या दर्शनी पत्र्याला टेकवली. दोरी काढली तर ती मधेच कुजलेली निघाली. एक वेढा देताच तुटली.

“बघा, ह्याच्यासाठीच म्हणत होतो. थांबा, दुकानातून दोरी मागवतो.”

सिंधु आत गेली. कपाटाचे दार उघडल्याचा आवाज झाला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात पांढऱ्या कापडाची घडी होती. कोरे, न धुतलेले, दुकानाच्या खळीचा वास असलेले. पायऱ्या उतरून ती टेम्पोपाशी आली आणि घडी शिवमूर्तींच्या हातात दिली.

शिवमूर्तींनी ती ओळखली. त्यांनी चपला काढल्या, टेम्पोच्या फळीवर पाय ठेवला आणि गुडघ्याकडे लक्ष न देता वर चढले. घडी मोडली. कापड फ्रीजच्या मधोमध, छातीच्या उंचीवर गुंडाळले, पत्र्याच्या दोन्ही कड्यांतून ओवले आणि मागे नेऊन गाठ मारली. मग दुसरा वेढा खाली, गुडघ्यांच्या जागी. दार उघडू नये म्हणून कापडाचे टोक त्याच्यावरून फिरवून घेतले.

“अहो सर, कोरं कापड कशाला वाया घालवता?” व्यंकट खालून म्हणाला. “दुकान कुठं लांब हाय? पडला तर पडला. भंगारच हाय ते, उभं काय अन् आडवं काय. काय फरक पडतो?”

सिंधु टेम्पोच्या कडेला हात धरून वर बघत होती.

शिवमूर्तींनी गाठ आणखी एकदा ओढून पाहिली. ती सुटली नाही.

“पडतो,” ते म्हणाले. “हळू चालव.”